स्वयंपाकघरातील चिलटे आणि आंब्यातील फळमाशी: ओळख आणि उपाय

केतकी, दादर

मे महिना सरत आला आणि पावसाची चाहूल लागली की मुंबईतील बहुतेक घरांत फळांच्या टोपलीभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. त्याच सुमारास आंबा कापल्यावर आत अळी निघाल्याच्या तक्रारी ऐकू येतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माशीच्या माथी मारल्या जातात. आमच्या सोसायटीच्या सभेत नुकताच असा प्रस्ताव आला की प्रत्येक मजल्यावर कीटकनाशकाची फवारणी करून घ्यावी. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे सभेत थोडे बोलले. परंतु विषय तेवढ्या वेळात मावणारा नव्हता, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

केळ्यांवर दिसणारे चिलट ड्रोसोफिलिडी या कुळातील असते. या कुळातील सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. योहान माइगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. लांबी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर, रंग पिवळसर तपकिरी, पोटावर गडद आडवे पट्टे आणि डोळे विटकरी लाल, अशी तिची ओळख सांगता येईल. भारतात मानवी वस्तीच्या आसपास ड्रोसोफिला अननॅसी ही जातही विपुल आढळते, आणि नुसत्या डोळ्यांनी या दोन जाती वेगळ्या ओळखणे कठीण असते. डोक्यापासून पाठीपर्यंत रुपेरी पांढऱ्या उभ्या रेषा असलेले चिलट दिसले, तर ते मात्र झाप्रिओनस इंडियानस असण्याची शक्यता मोठी. ही जात मूळची आफ्रिकेतील असली, तरी तिचे पहिले वर्णन १९७० मध्ये भारतातील नमुन्यांवरून झाले आणि म्हणून तिच्या नावात भारत आला.

हे चिलट फळाच्या गरासाठी येते असे आपल्याला वाटते, परंतु त्याचे खरे अन्न फळावर वाढणारे यीस्ट आहे. फळ जास्त पिकले किंवा त्याला चीर पडली की यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागते, पुढे जिवाणू त्या मद्यार्कापासून ॲसेटिक आम्ल तयार करतात, आणि या आंबण्याच्या वासावर चिलटे दुरून येतात. मादी त्या ओलसर, आंबलेल्या भागात अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि त्याला दोन बारीक तंतू असतात, जे पातळ झालेल्या गराच्या वर राहून आतील जिवाला हवा पुरवतात. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला एका दिवसात अळी बाहेर येते, दोनदा कात टाकून चार-पाच दिवस खाते, मग कोरड्या जागेच्या शोधात वर चढते आणि कोष करते. कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला आतून जे तपकिरी, तांदळाच्या कणीएवढे दाणे चिकटलेले दिसतात, ते हे कोष. आणखी चार दिवसांनी माशी बाहेर येते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सर्व प्रवास अशा रीतीने दहा दिवसांत पुरा होतो, आणि एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालू शकते. बारा अंशांच्या खाली ही वाढ जवळपास थांबते, पण मुंबईला तशी थंडी सहसा पडतच नाही.

आंब्यातील अळी मात्र टेफ्रिटिडी या अगदी निराळ्या कुळातील माशीची असते. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात ती ही. आंब्यावर मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही जात येते. ती घरमाशीएवढी, साधारण आठ मिलिमीटर लांब असते, तिच्या छातीवर पिवळे पट्टे असतात आणि मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी असते. चिलटाला फळ आधीच बिघडलेले लागते, तर ही माशी झाडावरच्या चांगल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. हा फरक एकदा ध्यानात आला की घरातल्या चिलटांसाठी फळवाल्याला किंवा आंब्यातल्या अळीसाठी शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.


गिरगावकर

ताई, लेख अतिशय उपयुक्त आहे. एक शंका विचारतो. आमच्या चाळीत सर्वांचे असेच मत आहे की केळी पिकली की चिलटे आपोआप होतात, कारण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या केळ्यांवरही ती दिसतात. झाकलेल्या डब्यात माशी शिरणार कोठून?


केतकी, दादर

गिरगावकर, माशी डब्यात शिरत नाही. तिची अंडी केळ्यांबरोबर आत जातात. वखारीत, मंडईत किंवा हातगाडीवर असतानाच देठाजवळच्या चिरेत किंवा ठेचलेल्या जागी मादी अंडी घालून गेलेली असू शकते. म्हणून केळी घरी आणल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली धुऊन, पुसून कोरडी करून ठेवावीत आणि फुटलेले केळे त्याच दिवशी वेगळे काढावे.

आपण विचारलेला प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला आहे. फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ मध्ये मांसाचे तुकडे काही भांड्यांत उघडे आणि काही भांड्यांत झाकून ठेवले. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या आणि झाकलेल्या भांड्यांत झाल्या नाहीत. बारीक जाळीचे कापड लावलेल्या भांड्यांत माश्या पोहोचू शकल्या नाहीत, तेव्हा त्यांनी कापडावरच अंडी घातली. सडण्यातून जीव आपोआप निर्माण होतो हा समज त्या प्रयोगाने पहिल्यांदा हलवला. हाच प्रयोग घरातील मुलांकडून केळ्याचे तुकडे आणि मलमलीचे कापड घेऊन करवता येतो. केळे आधी सोलावे, कारण अंडी सालीवर असतात.


सुलेखा, बोरिवली

आमच्याकडे आलेल्या हापूसच्या पेटीत तीन प्रकारचे खराब आंबे निघाले. काहींमध्ये पांढऱ्या अळ्या होत्या, एकाच्या कोयीतून काळपट भुंगा बाहेर आला, आणि काही आंबे बाहेरून निर्दोष असूनही आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर होता. हे सर्व फळमाशीमुळेच झाले का, आणि चुकून एखादी अळी पोटात गेली तर काही अपाय होतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.


देवगडचा बागाईतदार (सध्या मुक्काम परळ)

सुलेखाताई, तिन्हींची कारणे वेगळी आहेत. अळ्या फळमाशीच्याच. भुंगा निघाला तो कोयीतील भुंगा, ज्याची मादी आंबा लहान असताना सालीवर अंडी घालते. अळी गर पोखरत कोयीत जाते, मागची जखम भरून येते आणि म्हणून बाहेरून काहीही कळत नाही. तिसरा प्रकार म्हणजे साका. साका हा कीटकही नाही आणि बुरशीही नाही, तर फळाच्या वाढीतील बिघाड आहे, आणि हापूसला तो विशेष करून होतो. आंबा कापल्याशिवाय साका ओळखता येत नाही, हे आम्हा बागाईतदारांचे मोठे दुखणे आहे. गिऱ्हाईक आमच्यावर रागावते आणि तोडणीच्या वेळी आम्हालाही तो दिसलेला नसतो.

फळमाशीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. मादी सालीखाली लहान लहान पुंजक्यांनी अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खाऊ लागतात, आतला भाग पाणथळ होतो आणि फळ अनेकदा गळून पडते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर येऊन जमिनीत शिरते आणि तेथे कोष करते. या अळीची एक खूण सांगतो: ती अंग कमानीसारखे वाकवून एकदम सोडते आणि उडी मारते. ताटात पडलेली अळी उडाली तर ती फळमाशीचीच समजावी.

झाडाखाली पडलेले फळ तसेच राहू देणे म्हणजे पुढची पिढी आपल्या हाताने वाढवणे होय. म्हणून आम्ही पडलेली फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरतो. त्याबरोबर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेले रक्षक सापळे बागेत टांगतो. त्यात मिथाइल युजेनॉल हे द्रव्य असते आणि त्याच्या वासाने नर माश्या आत येऊन मरतात. नर कमी झाले की माद्यांचे मीलन होत नाही. या द्रव्याचा शोध भारतात लागला, याचा मला फार अभिमान वाटतो. हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे या माश्यांचे नर ओढले जातात असे नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यामागचे द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवले. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असते, त्यामुळे तुळशीच्या पानांवरही हे नर येऊन बसतात.

मुंबईच्या ग्राहकांना एक सांगावेसे वाटते. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेला आंबा झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट काढून अढीत, म्हणजे गवताच्या थरांत, पिकवला, तर त्यात फळमाशी लागण्याची शक्यता कमी असते. झाडावर पिकत राहिलेला आणि वळवाचा पाऊस खाल्लेला आंबा तिला जास्त सापडतो. त्यामुळे मे अखेरीस स्वस्त झालेली पेटी घेताना प्रत्येक फळ हातात घेऊन पाहावे. टाचणीने टोचल्यासारखा काळपट ठिपका, त्याभोवती मऊ पडलेली साल किंवा पाझरलेला रस दिसला तर ते फळ घेऊ नये.


केतकी, दादर

बागाईतदारांनी इतके नेमके लिहिले आहे की मला त्यात फारशी भर घालायची नाही. सुलेखाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेवढे देते. या अळ्या विषारी नाहीत आणि एखादी पोटात गेली तरी बहुधा काहीही होत नाही. मात्र ज्या फळात त्या वाढल्या, तेथे जिवाणू आणि बुरशीही वाढलेल्या असतात, म्हणून तो भाग खाऊ नये.


प्रथमेश, अंधेरी

माझ्याकडे फळे अजिबात नसतात, तरीही न्हाणीघराच्या फरश्यांवर बारीक काळ्या माश्या बसलेल्या दिसतात आणि खिडकीतील कुंड्यांवरही काही उडतात. व्हिनेगरची वाटी ठेवून पाहिली, तिच्यात एकही माशी पडली नाही.


केतकी, दादर

व्हिनेगरकडे एकही माशी गेली नाही, हीच येथे मोठी खूण आहे. न्हाणीघरात भिंतीवर स्थिर बसणारी, अंगावर व पंखांवर केस असलेली आणि छोट्या पतंगासारखी दिसणारी माशी सायकोडिडी कुळातील असते. तिच्या अळ्या मोरीच्या पाइपात आतून साचलेल्या चिकट, बुळबुळीत थरात वाढतात. खात्री करायची असल्यास रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावावी; सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या तर उगम तेथेच आहे. नुसते उकळते पाणी ओतून तो थर निघत नाही. लांब दांड्याच्या ब्रशाने पाइप आतून घासावा लागतो.

कुंड्यांवरच्या सडपातळ, काळ्या, लांब मिशांच्या माश्या सियारिडी कुळातील. त्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीतील बुरशीवर आणि कधी कधी कोवळ्या मुळांवर वाढतात. मातीचा वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी घालू नये. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतच इतका ओलावा असतो की रोज पाणी घालण्याची सवय कुंडीतील झाडांनाही मानवत नाही.


सचिव, गृहनिर्माण संस्था

आपले सर्व म्हणणे मान्य करूनही मला व्यावहारिक बाजू मांडायची आहे. आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचे खत आवारातच केले जाते आणि तळमजल्यावरील रहिवासी चिलटांनी त्रस्त झाले आहेत. फवारणी केली की त्यांना दोन दिवस तरी आराम मिळतो. ते लोक माझ्याकडे रोज येतात, आणि त्यांना कीटकांचे जीवनचक्र सांगून त्यांचे समाधान होत नाही.


केतकी, दादर

सचिव महोदय, रहिवाशांचा त्रास खरा आहे आणि तो दूर व्हायलाच हवा. दोनच दिवस आराम मिळतो, त्याचे कारण जीवनचक्रातच आहे. फवारणीने उडणारी माशी मरते, पण खताच्या डब्यात खोल असलेल्या अळ्यांपर्यंत आणि कोषांपर्यंत औषध पोहोचत नाही, आणि रोज नव्या माश्या बाहेर येत राहतात. शिवाय तळमजल्यावरच्या घरांत लहान मुले आणि वृद्ध असतात, त्यांच्या श्वासात ते द्रव्य वारंवार जाणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

ओला कचरा टाकल्यावर प्रत्येक वेळी त्यावर सुका पालापाचोळा, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा यांचा चांगला जाड थर द्यावा. फळांच्या साली उघड्या राहिल्या नाहीत, तर मादीला अंडी घालायला जागा मिळत नाही. डब्याच्या हवेच्या छिद्रांना अगदी बारीक जाळी लावावी, कारण साध्या डासांच्या जाळीतून चिलट सहज जाते. ज्या घरांत आंब्याचा रस निघतो त्यांनी साली व कोयी डब्यात टाकण्यापूर्वी एक रात्र फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, तर त्यांवरील अंडी व अळ्या मरतात. हे दोन आठवडे नेटाने केले तर एक पूर्ण पिढी खंडित होते. रहिवाशांना तारीख सांगून तेवढे दिवस धीर धरण्याची विनंती करावी.

घरात आधीच उडत असलेल्या चिलटांसाठी सापळा पुरेसा आहे. वाटीत थोडे सफरचंदाचे व्हिनेगर घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकावा. साबणाने द्रवाचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी पृष्ठभागावर उभी राहू शकणारी माशी बुडते. वाटीवर कागदाचा शंकू, अरुंद टोक खाली करून ठेवला तर परिणाम आणखी चांगला मिळतो. मात्र शेजारी केळी उघडी असतील तर सापळ्याचा वास फिका पडतो, म्हणून फळे आधी फ्रिजमध्ये किंवा जाळीच्या झाकणाखाली ठेवावीत.


नेव्हीनगर

मी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिसरात लहानाची मोठी झाले, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या चिलटाला आपण हाताने हाकलतो, त्याच्यावर या शहरात पहिल्या दर्जाचे संशोधन झाले आहे, आणि मुंबईकरांना हे फारसे माहीत नसते याचे मला वाईट वाटते.

ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे सीमोर बेंझर या जीवशास्त्रज्ञाबरोबर अमेरिकेत काम करताना त्यांनी ड्रोसोफिलाचे असे उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेले) वाण अभ्यासले, ज्यांना तापमान वाढताच पक्षाघात होई आणि तापमान उतरले की त्या माश्या पुन्हा चालू लागत. चेतापेशींतून विद्युतसंदेश कसे वाहतात हे समजण्यास त्या कामाची मोठी मदत झाली. मुंबईत परतल्यावर त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास व चव यांचा अभ्यास हाती घेतला. ठरावीक वास न ओळखणाऱ्या, ठरावीक चव न कळणाऱ्या माश्या शोधून काढायच्या आणि त्यांच्यातील कोणते जनुक बिघडले आहे हे पाहायचे, अशी ती दिशा होती. १९७८ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि वासाचा अभ्यास जनुकांच्या मार्गाने करता येतो हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सिद्दीकींच्याच पुढाकाराने याच संस्थेचा भाग म्हणून उभे राहिले.


केतकी, दादर

नेव्हीनगर, आपण हे लिहिलेत याचा मनापासून आनंद झाला. थॉमस हंट मॉर्गन यांना न्यूयॉर्कमध्ये १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा मिळाला. त्यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यानंतर १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ या वर्षांची पारितोषिकेही याच माशीवरील कामाशी जोडलेली आहेत. चारच गुणसूत्र-जोड्या, दहा दिवसांची पिढी आणि बाटलीभर अन्नावर वाढणारी शेकडो पिल्ले, एवढ्यावर प्रयोगशाळेचे काम भागते. माणसाच्या रोगांशी संबंधित असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची जुळणारी रूपे तिच्यात आढळतात.


सुलेखा, बोरिवली

माझ्या बहिणीला लंडनला आंबे पाठवायचे होते, तेव्हा कळले की निर्यातीच्या आंब्यावर विशेष प्रक्रिया करावी लागते. तीही फळमाशीमुळेच का?


देवगडचा बागाईतदार

होय. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर आणि अळू, कारली, वांगी, पडवळ या चार भाज्यांवर बंदी घातली होती, त्याचे कारण पाठवलेल्या मालात फळमाशी व इतर किडी सापडणे हेच होते. हापूसच्या ऐन हंगामात ती बंदी आली आणि बागाईतदारांना फार मोठा फटका बसला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण उष्ण प्रक्रिया बंधनकारक झाली. युरोपसाठी फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक तास ठेवतात किंवा बाष्पाची उष्णता देतात, म्हणजे आतील अंडी व अळ्या मरतात आणि फळ मात्र टिकते.

अमेरिकेसाठी गॅमा किरणांची प्रक्रिया लागते. २००७ मध्ये तेथे पुन्हा आंबा गेला तो लासलगावच्या केंद्रातून, कोबाल्ट-६० च्या किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देऊन. ही मात्रा फळमाशीबरोबर कोयीतील भुंग्यासाठीही पुरते. किरणांनी प्रत्येक कीटक लगेच मरतोच असे नाही, परंतु त्याची पुढची पिढी होत नाही. आंबा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, हे मला अनेकांना पुनःपुन्हा सांगावे लागते.


प्रथमेश, अंधेरी

मोरी ब्रशाने घासल्यापासून न्हाणीघरातील माश्या दिसेनाशा झाल्या आहेत. आता शेवटचे विचारतो. बागाईतदार सांगतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला तर चिलटे कमी होतील का?


केतकी, दादर

नाही होणार. ते द्रव्य बॅक्ट्रोसेराच्या काही जातींच्या नरांनाच ओढते आणि ड्रोसोफिला त्याकडे वळत नाही. कारली-दुधीच्या वेलांवर येणाऱ्या फळमाशीसाठीसुद्धा क्यू ल्यूर हे वेगळे आमिष वापरावे लागते. गच्चीवर वेल लावले असतील तर क्यू ल्यूरचा सापळा जरूर लावा. स्वयंपाकघरात व्हिनेगरची वाटीच ठेवा आणि ती दर दोन-तीन दिवसांनी बदला, कारण वास उडून गेल्यावर तिचा उपयोग राहत नाही.